दवनीवाड्याच्या स्टँडवरून परत

इंदू,

शाळेच्या गेटवर तुझा फ्लेक्स लागला आहे. फोटो तुझ्या निवृत्तीच्या समारंभातला आहे आणि त्यात तुझे डोळे मिटलेले आहेत. इतक्या फोटोंतून नेमका तोच कुणी निवडला, कळत नाही. प्रसंगाला शोभतो असं वाटलं असेल. खाली संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो आहे. तो तुझ्या फोटोपेक्षा मोठा आहे आणि त्यात ते हात जोडून हसत आहेत. रस्त्यानं जाणाऱ्याला, नक्की गेलं कोण, असा क्षणभर प्रश्न पडावा.

शोकसभाही झाली. अध्यक्ष म्हणाले, विज्ञानाचा सूर्य मावळला. तू शेजारी असतीस तर माझ्या कानाशी पुटपुटली असतीस, सूर्य कुठं जात नाही म्हणावं, आपणच फिरतो. नववीच्या पोरांसमोर तरी नीट बोला. मग ते म्हणाले, "तुरकर मॅडमनी उभं आयुष्य शाळेच्या गावात राहून सेवा केली. आजच्या अपडाऊनवाल्या शिक्षकांनी हा आदर्श घ्यावा." समोर बसलेल्यांतले निम्मे तुझ्याबरोबर त्याच पॅसेंजरनं गोंदियाहून येणारे-जाणारे. कुणाच्याही चेहऱ्यावरची माशी हलली नाही. दुसऱ्या कुणाची शोकसभा असती तर मी तोंडावर पदर धरून हसले असते.

हसू आलं नाही, कारण याच खोट्यानं तुझं माहेर तोडलं होतं. आणि त्यातलं अवाक्षर धनलालदादाला, तुझ्या भावाला, कधी सांगायचं नाही, अशी शपथ तू मला घातली होतीस. ती मी मोडली. तुझी तेरवी अजून व्हायची आहे. त्याआधी तुला सगळं सांगून टाकावं म्हणून बसले.

आपली मैत्री गाडीतली. तू विज्ञानाची, मी मराठीची. शाळेत आपल्याला एकमेकींकडे बघायलाही फुरसत नसायची. गोंदिया ते सालेकसा, सालेकसा ते गोंदिया. आमगाव येईस्तोवर वाटाणे सोलून व्हायचे, धानोली येईस्तोवर मुख्याध्यापक सोलून व्हायचे. तुझी जागा खिडकीची, माझी तुझ्या शेजारची, आणि कुणी परका तिथं बसलाच तर तू त्याच्याकडे अशी बघायचीस, की तो पुढच्या स्टेशनाला उतरून डबा बदलायचा.

नियम असा होता, की शिक्षकानं शाळेच्या गावातच राहायचं. नियम करणारे सगळे नागपुरात किंवा मुंबईत राहत. म्हणून मग आपण मडावींच्या दुकानामागची एक खोली घेतली. आत एक गादी, एक माठ, भिंतीवर कॅलेंडर. दाराबाहेर तुझ्या-माझ्या जुन्या चपला. चपला हा तुझा शोध. "आत कुणीतरी आहे असं वाटलं पाहिजे," तू म्हणालीस. महिन्यातून एकदा आपण त्या खोलीत जायचो, ते कॅलेंडरचं पान उलटायला आणि चपलांवरची धूळ झटकायला.

त्या भागातला एकुलता एक फोन मडावींच्या दुकानात. साहेबांचा तपासणीचा फोन आला तर काय बोलायचं, ते तू त्यांच्याकडून पाठ करून घेतलंस. "मॅडम इथंच राहतात. आता हातपंपावर गेल्या आहेत. येतीलच." मडावींचं सगळं आयुष्य जंगलातल्या कामावर आणि नंतर त्या गल्ल्यावर गेलेलं. खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी डोकं खाजवत विचारलं होतं, "पन मॅडम, जवा फोन येईल तवा हातपंपावरच? येवढं पानी लागते कायले, म्हनून इचारलं त?"

"मग सांगा, स्वच्छ बाई आहे," तू म्हणालीस. आपण तिघंही हसलो होतो. मडावी सगळ्यात जास्त.

तुझा नववीचा तो तास मला अजून दिसतो. अंतर आणि विस्थापन तू वर्गात शिकवायची नाहीस, व्हरांड्यात शिकवायचीस. भिंतीच्या कडेनं खडूची सरळ रेघ. एका टोकाला गोंदिया, दुसऱ्या टोकाला सालेकसा, मध्ये आमगाव. एका पोरीला त्या रेघेवरून चालवत न्यायचं आणि तशीच माघारी आणायचं. एकूण चालली किती, ते अंतर. निघाली त्या जागेपासून आता सरळ किती लांब उभी आहे, ते विस्थापन. जाऊन आली तर अंतर दुप्पट, विस्थापन शून्य. एका वर्षी एक पोरगी मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, म्हंजे तुमचं रोजचं विस्थापन शून्यच!" तिच्या शेजारणीनं तिला कोपर मारलं. "चूप व! मॅडम इथंच राहते ना!" सगळा व्हरांडा हसला. मी शेजारच्या वर्गात कवितेचा अर्थ सांगत होते. माझा वर्गही हसला, आणि कवितेत हसण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी गाडीत मी तुला छेडलं. "तुमचं ते विस्थापन म्हणजे शुद्ध अन्याय आहे. बाई पहाटे उठते, डबे करते, गाडी गाठते, दिवसभर घसा फोडते, उभ्यानं प्रवास करून घरी येते, आणि तुमचं शास्त्र तिला शून्य देतं."

"अगं, शून्य म्हणजे नापास नाही. शून्य म्हणजे घरी पोचली."

"आणि चालली ते कुठं गेलं?"

"कुठं जाते? तीच त पंचाईत आहे," तू म्हणालीस. वैतागलीस की तुझ्या तोंडून तुझं माहेर, दवनीवाडा, बाहेर यायचं. "अंतर फक्त वाढतं, कुसुम. मागं फिरलीस तरी वाढतंच. विस्थापनाचं तसं नाही. मागं फिरलं की ते कमी होतं. म्हणून मला ते आवडतं."

"आवडायला तो काय लाडू आहे?"

"तू मराठीची आहेस. तुले नाई समजायचं."

हे भांडण आपण किती वर्षं चालवलं! मी म्हणायची, माणसानं किती पायपीट केली ते मोजा. तू म्हणायचीस, कुठं पोचला ते मोजा. मला ते नुसतं गाडीतलं बोलणं वाटायचं. तुझ्यासाठी ते तसं नव्हतं, हे कळायला मला एक मरण बघावं लागलं.

तुझे बाबूजी प्राथमिक शाळेचे मास्तर. सगळी नोकरी जंगलपट्ट्यातल्या गावांत आणि जिथं शाळा तिथंच बिऱ्हाड. तुला नोकरी लागली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, "गावातच राहजो, बाई. मास्तर गावात राहिला त गाव शाळेत येते." तू हो म्हणालीस आणि पहिलं वर्षभर राहिलीसही. मग लग्न, मग मूल. बिऱ्हाड गोंदियाला हललं आणि तुझं अपडाऊन सुरू झालं. भेटीगाठी दवनीवाड्यातच व्हायच्या, त्यामुळे बाबूजींना सांगायचं राहून गेलं. पुढच्या दिवाळीला सांगू, असं तू दर दिवाळीला ठरवायचीस. तिकडे दवनीवाड्यात ते पारावर बसून सगळ्यांना सांगत, "माझी पोरगी अपडाऊनवाली नाही. शाळेच्या गावात राहते." ही बढाई त्यांच्याकडून हिसकावून घ्यायचा तुला धीर होत नव्हता. तुझ्या जागी मलाही झाला नसता.

ते गेले तो दिवस रविवारचा. मोबाईल अजून आपल्यासारख्यांच्या पर्सपर्यंत आले नव्हते. धनलालदादानं सकाळीच, तू जिथं राहतेस असं सगळं गाव समजत होतं, तिथं फोन लावला. मडावींच्या दुकानात. लाइन खरखरत होती. बरोबर ठिकाणी लागला की नाही म्हणून त्यानं आधी विचारलं, "तुरकर मॅडम तिथंच राहते ना?"

मडावींना वाटलं, तपासणी. त्यांनी पाठ केलेलं म्हणून टाकलं. मॅडम इथंच राहतात. आता हातपंपावर गेल्या आहेत. येतीलच.

"मंग तिले सांगा, बाबूजी गेले. भेटल त्या गाडीनं निघ म्हनावं."

आणि फोन कटला. उलटा फोन करावा तर नंबर कुठं ठाऊक होता? कचारगडच्या जत्रेशिवाय ते दुकान कधी बंद राहिलं नव्हतं. त्या दिवशी मडावींनी फळ्या लावल्या आणि स्टेशनावर जाऊन बसले. मालगाड्या पुढं काढायला पॅसेंजर थांबवून ठेवली होती. गोंदियाला उतरले तर तुझं घर माहीत नाही. गल्ल्यागल्ल्यांतून "विज्ञानवाल्या मॅडम" विचारत फिरले. तुझ्या दारात उभे राहिले तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी आधी तुला बातमी सांगितलीच नाही. आधी म्हणाले, "मॅडम, चूक झाली माझी."

तू दवनीवाड्याला पोचलीस तेव्हा माणसं आंघोळ करून, ओल्या डोक्यानं परत येत होती.

पुढचं तू मला सोमवारी गाडीत सांगितलंस, खिडकीकडे तोंड करून. तू अंगणात उभी राहून म्हणालीस, "घडीभर थांबता नाही आलं, दादा?" आणि तो म्हणाला, "सकाळपासून थांबलो व! दुपारच्या पॅसेंजरनं येशील म्हनलं, नाही आली. दिवस बुडायले आला तवा उचललं. निरोप भेटला होता ना तुले?"

तुला खरं बोलता आलं असतं. मी तिथं राहत नाही, दादा. निरोप मला आत्ता मिळाला. पण आजूबाजूला ते सगळं गाव उभं होतं, ज्याला बाबूजी पारावर बसून सांगत आले होते. त्यांची राख अजून निवली नव्हती. तू म्हणालीस, "भेटला."

"मंग तिथून इथं यायले दिवस लागते? बापापेक्षा मोठं काय काम होतं?"

तू त्या घरचं पाणीही न घेता फिरलीस. गाडीत सांगून झाल्यावर तू माझा हात धरलास आणि शपथ घातलीस. बाबूजींची पोरगी अपडाऊनवाली होती, हे दवनीवाड्यात कुणाला कळता कामा नये. मी म्हटलं, "आणि तुझा भाऊ आयुष्यभर समजेल की तू मुद्दाम आली नाहीस?" तू म्हणालीस, "समजू दे. तो जिवंत आहे, त्याला कधीतरी सांगता येईल."

कधीतरी. दिवाळीसारखंच.

पुढची वर्षं राखी पोस्टानं गेली आणि तिकडून काही आलं नाही. तुझ्या मुलाच्या लग्नात मामाचा रिकामा पाट तसाच ठेवायचा की उचलायचा, यावर बायकांची कुजबुज झाली, आणि तू स्वतः जाऊन तो उचललास.

आणि मग तुझं ते दवनीवाड्याला जाणं. मला एकदाच बरोबर नेलंस. "मुरमुरे चांगले भेटतात तिथं," म्हणालीस. गोंदियात मुरमुऱ्यांचा काय दुष्काळ पडला होता, हे मी विचारलं नाही. एसटीत बसलो, धानाच्या बांध्यांमधून गेलो, तुझ्या गावाच्या स्टँडवर उतरलो. तिथल्या बाकावर बसलीस. मला वाटलं, आता उठेल, मग उठेल. तू पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत राहिलीस. मुरमुरे मीच जाऊन आणले. तेवढ्यात आपली गाडी वळून परत लागली आणि तू चढलीस. कंडक्टर तुला ओळखत असावा. तिकीट फाडताना म्हणाला, "मॅडम, उतरता कायले न् चढता कायले? बसूनच राहत जा ना."

बस सुटली तेव्हा मी रागावले होते. तुझा आवडता नियम तुझ्याच अंगावर फेकला. "गेलीस, आलीस. विस्थापन शून्य. घरी पोचली म्हणायचं का याला?"

तू मुरमुऱ्यांच्या पुड्याची गाठ पक्की केलीस. मग म्हणालीस, "नाही. आज तुझं बरोबर आहे. आज अंतरच मोज."

मी भांडण जिंकले असा एवढा एकच प्रसंग. नको होता.

आता परवाचं.

तुझ्या यजमानांनी, वसंतरावांनी, पहाटे धनलालदादाला फोन केला. तो नुसतं "येतो" म्हणाला आणि फोन ठेवला. मुलगा नागपूरच्या विमानतळावरून थेट आला. अंगणात सगळी तयारी झाली आणि मग बायकांनी अडवलं. सवाष्ण बाई गेली तर तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडल्याशिवाय उचलायचं नाही. तुझ्या शेजारच्या बिसेनबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या. "भाऊ आहे ना तिले? मंग त्याचं लुगडं आल्याबिगर कसं उचलता? बेवारशी होय का ते?"

समोरचे शेठजी घड्याळ बघत म्हणाले, "अरे, कितना रुकेंगे? वो आनेवाला होता तो आ जाता." अध्यक्षांचा फोन येऊन गेला, की 'कार्यक्रम' किती वाजता, त्यांना पुढं तिरोड्याला उद्घाटन आहे. कुणीतरी सुचवलं, बाजारातून एक हिरवी साडी आणू, माहेरची म्हणून टाकू, कोण बघतंय? तुझ्या बाबतीत आणखी एक खोटं, इतकं सोपं.

इंदू, तुझ्या नवऱ्यानं जन्मात कशाबद्दल 'हे असंच' म्हटल्याचं मला आठवत नाही. भाजी कुठली करू, विचारलं तरी ते म्हणायचे, कोणतीही कर. ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "थांबायचं. दिवस बुडेपर्यंत थांबायचं." आणि पुन्हा बसले.  अध्यक्ष परस्पर उद्घाटनाला निघून गेले.

मी तुझ्या उशाशी बसून होते. मला भीती एकाच गोष्टीची होती, की तो येणार नाही. तू त्याच्यासाठी थांबलेली असशील आणि तो येणार नाही, आणि त्याला कारणही असेल, कारण त्याच्या मते तू त्याच्या बापासाठी आली नव्हतीस. अंगणातलं ते 'भेटला' खोटं होतं हे सांगू शकणारी सगळ्या जगात एकटी मी, आणि माझ्या तोंडावर तुझा हात.

तो आला. धानाच्या ट्रकांनी रस्ता अडला होता म्हणे. पुतण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून, छातीशी कापडी पिशवी धरून. फार म्हातारा झालाय गं. त्यानं आधी पिशवीतून लुगडं काढलं. हिरवं. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता आणि घड्या इतक्या पक्क्या बसल्या होत्या, की तुझ्या अंगावर ते सरळ पसरेना. बिसेनबाईंनी हातानं दाबून दाबून बसवलं. आज बाजारातून घेतलेलं ते नव्हतं. कधीच्या तरी भाऊबीजेचं असावं.

बायकांनी मोक्षधामात जायचं नसतं, असं कुणीतरी मला म्हणालं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. वय झाल्याचा तेवढाच फायदा. चौकात विसाव्याला तुला खाली ठेवलं, खांदेकरी बदलले. पुढं रस्ता सरळच होता. तुझा नियम आठवला: दिशा न बदलता सरळ रेषेत गेलं, तर अंतर आणि विस्थापन सारखंच भरतं. या बाबतीत शेवटी आपलं एकमत झालं.

सगळं आटोपल्यावर माणसं नळाकडे गेली. धनलालदादा सिमेंटच्या बाकावर एकटाच बसला होता. मी जाऊन शेजारी बसले आणि सांगून टाकलं. खोली, चपला, मडावी, हातपंप. निरोप तिला उन्हं कलल्यावर मिळाला. अंगणात ती 'भेटला' म्हणाली ते खोटं होतं आणि ते बाबूजींसाठी होतं. एका दमात बोलले, थांबले असते तर तुझी शपथ आठवली असती.

तो जमिनीकडे बघत ऐकत होता. म्हणाला, "मडावी आलता माझ्याकडे."

"कधी?"

"त्याच साली. कापनी झाल्यावर. पायावर डोकं ठेवलं बुढ्यानं. समदं सांगतलं. मी म्हनलं, तुमी कायले पाया पडता, बाप्पा? तुमी त तिच्यासाठी दुकान बंद करून धावले."

 इतकी वर्षं, इंदू. मी तोंड शिवून बसले, तू तोंड शिवून बसलीस, आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याला पहिल्याच हिवाळ्यात सगळं माहीत होतं.

"मग तुम्ही आला का नाही, दादा? दवनीवाडा ते गोंदिया काय समुद्र आहे मध्ये?"

"मी मोठा होतो. अन् तिनं माझ्या तोंडावर 'भेटला' म्हनलं, लोकायसमोर. मले वाटे, एक डाव येऊन म्हनल, दादा, खोटं बोलली मी. येवढंच. मी काई रागावलो नसतो. बाबूजीचं नाव मीबी खाली पडू देल्लं नाही. कोनाले नाही सांगतलं. आजबी गावात कोनाले माहीत नाही."

मग, माझ्याकडे न बघता, "स्टँडवर येऊन बसे ती. माहीत आहे ना तुमाले?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या ओसरीतून स्टँड दिसते, बाई. पयल्या खेपेले दिसली त मी घरात सांगतलं, चहा मांड, इंदू आली. मी पागोटं गिगोटं बांधून बसलो. चहा उकळून उकळून काढा झाला. मंग गाडी निघाली, त बाकावर कोनी नाही." त्यानं नाक पुसलं. "मंग मी चहाचं सांगनं सोडलं. बसून तिच्याकडं पाहत जाव फक्त. आली म्हंजे बरी आहे, येवढं समजे."

"हाक का नाही मारली? एवढं दिसत होतं तर?"

तो माझ्याकडे वळला. या वयाच्या पुरुषाच्या तोंडावर असा प्रश्न मी पाहिला नव्हता. "मारली असती, त आली असती का व ती?"

मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणं, विषय बदलणं, गप्प राहणं, सगळं मला येतं. मी काहीच केलं नाही. मी म्हणाले, "नाही, दादा. नसती आली. हट्टी होती."

तो मान डोलवत राहिला. "होय. लहानपनापासूनच हट्टी. बाबूजीवर गेली." आणि मग उठून नळाकडे गेला, हातपाय धुवायला. उठताना आल्यापेक्षा जरा सरळ वाटला.

तू आली असतीस, इंदू. पहिल्या हाकेला आली असतीस, पिशवी बाकावरच टाकून, कंडक्टरकडे वळूनही न बघता. मला विचारशील तर एवढ्यासाठीच तू तिथं जाऊन बसत होतीस. पण हे मी त्याला सांगितलं नाही आणि तेरवीला येईल तेव्हाही सांगणार नाही. त्याला अजून त्या ओसरीत बसायचं आहे.